‘सावली’ नावाची ओळ

मंगळवार, ९ ऑक्टोबर

प्रिय भावजी,

नमस्कार आणि आशीर्वाद दोन्ही पाठवतेय. वयानं आणि मानानं जे लागू पडेल ते ठेवून घ्या. जाऊबाई कशा आहेत? धाकटीचे पुढचे दात आले का? इथे सगळं ठीक. माझी शाळा चालू आहे. मुलांचं शुद्धलेखन आणि माझा घसा, दोन्ही नेहमीसारखेच बिघडलेले.

फोनच करणार होते, पण तक्ते काही फोनवर सांगता येत नाहीत. तुम्ही दोघा भावांनी मिळून केलेली ती पाहणी आठवते ना? गरोदर बायका तपासणीला किती वेळा येतात आणि का येत नाहीत, त्याची? तिचा पेपर एका नियतकालिकानं अखेर स्वीकारला. फक्त निष्कर्षांचे तक्ते त्यांच्या पद्धतीनं करून मागितलेत. ते काम सध्या माझ्याकडे आहे. हसू नका. गणितात काठावर पास होणारी बाई आता रिग्रेशनचे, म्हणजे कशाचा कशावर किती परिणाम होतो त्याचे, तक्ते लावते, हे माझ्या आईला सांगितलं असतं तर तिनं माझी दृष्ट काढली असती.

ह्यांच्या खात्यातल्या संख्याशास्त्राच्या मॅडमनी मला शिकवलं. गणित आधीच झालेलं आहे, मला फक्त मांडायचंय. पण कॉम्प्युटर जे ओकतो ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दशांश चिन्हापुढे आकड्यांची ही लांबलचक शेपटी! ती छाटायची, तीन मॉडेलं, म्हणजे एकाच हिशोबाच्या तीन तऱ्हा, शेजारी शेजारी उभी करायची, प्रत्येक आकड्याखाली कंसात तो किती मागेपुढे होऊ शकतो ते द्यायचं, आणि जो आकडा नुसत्या योगायोगानं आलेला वाटत नाही त्याला तारा. जन्मभर मुलांच्या वह्यांवर तारे काढले, त्यामुळे तेवढं मला लगेच कळलं. सॉफ्टवेअरला नीट आज्ञा दिली की सगळं आपसूक रांगेत बसतं. एखादा स्वल्पविराम चुकला की मात्र रुसतं, तुमच्या घराण्यासारखं.

अडलंय ते नावांवर. पाहणीच्या वेळी तुम्ही रकान्यांना नावं दिलीत ती इंग्रजी अक्षरांत तशीच आहेत: ‘पायपीट’, ‘सासू’, ‘सावली’. पायपीट म्हणजे दवाखान्यापर्यंतचं अंतर, ते कळलं. ‘सासू’च्या जागी मी ‘घरातील वडीलधारी स्त्री’ असं शोभेलसं लिहिलं. पण ‘सावली’ म्हणजे काय? तिच्या आकड्यापुढे तर दोन तारे आहेत. मॅडमना माहीत नाही. ह्यांना विचारलं तर ‘हो’ म्हणतात. हल्ली फार गडबडीत असतात ते.

तेवढं दोन ओळींत कळवा. आणि पेपरावर तुमचं नाव कसं लिहायचं तेही.

तुमची,
वहिनी


शुक्रवार, २६ ऑक्टोबर

प्रिय भावजी,

तुमचं उत्तर मिळालं. ‘सावली’ म्हणजे वाटेत घटकाभर टेकायला झाड किंवा छप्पर आहे की नाही, हे कळलं. आता ती ओळ वाचताना मला एक पोटुशी बाई दिसते, चपला काढून झाडाखाली बसलेली. लांबच्या वाटेवर सावली असेल तर बायका जास्त वेळा येतात, असं तो आकडा म्हणतोय. तक्त्यात मी ‘वाटेवरील विसाव्याची जागा’ असं लिहिलं.

पण त्यापुढे तुम्ही लिहिलंत, “वहिनी, सावलीची कल्पना दादाचीच होती. मी फक्त हिंडून नोंदी केल्या. त्यालाच विचारा की. तोंड आहे त्याला.”

हे वाक्य वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले. घासलेलीच होती.

भावजी, तोंड आहे. बोलणं नाही.

जूनमध्ये ह्यांना अर्धांगाचा झटका आला. आंघोळ करून आले, खुर्चीत बसले आणि मला काहीतरी सांगायला लागले. शब्द सगळे एकमेकांत गुंतलेले. मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी हसलेसुद्धा. मग हातातला टॉवेल खाली पडला आणि तो उचलायला हात उठेना. दवाखान्यात वेळेत पोचलो म्हणून जीव वाचला. उजवा हात अजून लुळा आहे. काठी घेऊन दारापर्यंत जातात. समजतं सगळं, पण तोंडातून एकच शब्द येतो, ‘हो’. चहा हवा? हो. मग नको का? हो. डॉक्टरांनी विचारलं, “बायको त्रास देते का?” तर त्यालाही ठणकावून ‘हो’. तेव्हा डॉक्टर हसले, मी हसले, आणि हे रागानं भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांना म्हणायचं एक असतं आणि बाहेर पडतं ते दुसरंच.

तुम्हाला कळवते म्हटलं की डावा हात जोरजोरात हलवायचे. पाच वर्षं अबोला धरलेल्या माणसापुढे असं पडून राहायचं नव्हतं त्यांना. मीही ऐकलं. फोन केला नाही तो ह्याचमुळे. तुम्ही नुसतं ‘वहिनी’ म्हटलं असतंत तरी माझा बांध फुटला असता.

तक्ते मॅडम स्वतः करणार होत्या. मीच मागून घेतले. दिवसभर खिडकीकडे बघत बसणारा हा माणूस पडद्यावर आकडे आले की सावरून बसतो. संध्याकाळी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसतो. मी टाइप करते, चुकलं की हे टेबलावर टकटक करतात. परवा एका आकड्याआधीची उण्याची खूण माझ्याकडून गळली. केवढी टकटक! शेजारच्यांना वाटलं, सुतार आलाय. त्या तासाभरात ते आजारी नसतात. म्हणून मी तक्ते सावकाश करतेय, हेही सांगून टाकते.

तर तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. तुम्ही लिहिलंत, “पेपरावर माझं नाव नको. दादाला आवडणार नाही.”

हे म्हणाले, “नाही.”

मी पत्र खाली ठेवलं. चार महिन्यांत मी तो शब्द ऐकला नव्हता. आधी वाटलं, तुमच्या म्हणण्याला दुजोरा देताहेत. आणि खरं सांगते, फार वाईट वाटलं. तुम्ही संशोधन सोडून जास्त पगाराची नोकरी धरलीत तेव्हा ज्या जेवणाच्या टेबलावर ह्यांनी तुम्हाला ‘पोटार्थी’ म्हणून हिणवलं होतं, त्याच टेबलाशी बसून पहिला नवा शब्द निघावा तर हा? मी म्हटलं, “अहो, अजून राग?”

“नाही, नाही,” म्हणत त्यांनी पेपराचं पहिलं पान ओढून घेतलं. वर एकट्या त्यांचं नाव. त्याच्याखालच्या मोकळ्या जागेवर बोट आपटायला लागले. मी तुमचं नाव मोठ्यानं उच्चारलं तेव्हा थांबले. डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही, डावा हात कागदावर होता ना.

मी तुमचं नाव घातलंय. पण नियतकालिकाला प्रत्येक लेखकाची स्वतःच्या हातची सही लागते आणि ती टपालानं मागवायची माझी इच्छा नाही. तुम्ही या. नोकरी बदलली म्हणून भाऊ बदलत नसतो, हे त्यांना तेव्हा म्हणता आलं नाही आणि आता तर मुळीच येणार नाही. तुम्हीच समजून घ्यायला हवं. लहानानं मोठं व्हायची वेळ कधीतरी येतेच.

येताना मनाची तयारी ठेवा. “ओळखलंस का?” विचाराल तर ‘हो’ म्हणतील. “अजून रागावलायस का?” विचाराल तरी ‘हो’च. लावून घेऊ नका. तोंडाकडे बघू नका, हाताकडे बघा.

हे पत्रही त्यांच्यासमोर बसून लिहिलंय. कळवू का विचारलं, तर हात हलवला नाही. खाली जी वेडीवाकडी रेघ दिसते ती शाई सांडलेली नाही. पेन मागून घेतलं आणि डाव्या हातानं तेवढंच जमलं.

तुमची वाट बघणारी,
वहिनी

आणि हा तुमचा दादा.