फ्रिजमधले नमुने

प्रिय उतावळ्या,

तुझं पत्र पोचलं. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच माझी आठवण आली, तीही पानंच्या पानं. सगळी आपल्या संसारावर, आणि कामाची गोष्ट तळाशी दोन ओळींत: तुझ्या शोधनिबंधावर कोणीतरी शंका घेतलीय, त्यापायी विभागप्रमुखपद अडलंय, तेव्हा उकळलेल्या स्टार्चचे नमुने ताजेच तपासले होते, असं मी लिहून द्यावं. गरज पडली की मी घरची, एरवी कोण कुठली बाई.

तू विसरला असशील, मी नाही. कंदाचा स्टार्च पाण्यात तापवला की त्याच्या कणांची आतली रचना मोडते. तपासणीच्या यंत्रात बसवलेल्या चिमुकल्या हिऱ्यावर थेंबभर ठेवून इन्फ्रारेड प्रकाश सोडला, की आलेखातला एक उंचवटा खाली बसतो, शेजारचा वर येतो, आणि किती मोडलं ते कळतं. पण हे लगेच बघायचं असतं. गार होऊन पडून राहिला की स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि बसलेला उंचवटा परत डोकं वर काढतो. त्या दिवशी नमुने मी उकळले. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून यंत्राचं काम तुझ्यावर सोपवून निघाले. तुझ्याच आईला न्यायला, बरं का. तू मात्र भांडी फ्रिजमध्ये ढकलून मित्रांबरोबर सहलीला गेलास. परत येऊन तपासलंस आणि नाचायलाच लागलास, की या कंदाला उष्णता बाधतच नाही. पुन्हा कर म्हटलं, तर मी किरकिरी, मी संशयी, मला तुझं यश बघवत नाही. चोराच्या उलट्या बोंबा. निबंध छापून आला, तेव्हा कंद धुऊन, वाटून, स्टार्च काढणारीचं नाव त्यात कुठेच नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलास.

आणि आता लिहितोस, गार झालेला स्टार्च पुन्हा जुळून येतो, तसे आपणही जुळू. अरे, जुळतो, पण पहिल्यासारखा नाही. जुळताना त्या भांड्यांच्या कडेला पाणी सुटलं होतं, ते तू पुसून टाकलंस. मला अजून तुझा राग येतो, आणि अजून येतो याचा जास्त येतो.

सही मी करणार नाही. इथल्या प्रयोगशाळेत तोच कंद आणला, उकळला, एकदा वाफाळता तपासला आणि एकदा तुझ्यासारखा फ्रिजमध्ये ठेवून. दोन्ही आलेख तुझा निबंध छापणाऱ्या मासिकाकडे गेलेत. तुझं ते ‘कोणीतरी’ मीच आहे. पुढच्या अंकात ते छापतील, आणि तुझ्या निबंधाबरोबर माझं नाव एकदाचं येईल. ते तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठीच हे पत्र.

एकेकाळी तुझीच