योरिसचा दोनशेवा गुण

मी, शिरीष दत्तात्रय गोगटे, वय त्रेसष्ट, मूळचा पुण्याचा, हल्ली राहणार हूफडॉर्प, नेदरलँड्स, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मूत्रपिंडे निकामी झाली असली तरी डोके ठिकाणावर आहे. शैलाचे मत वेगळे आहे. याचा डच तर्जुमा नोटरीकडे नोंदवावा.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नी सौ. शैला हिची. घर विकून आल्मेरेला मुलीजवळ जायचे की नाही, हे तिने ठरवावे. जावईबापूंनी सल्ला देऊ नये.

२. कोथरूडचा फ्लॅट मुलगी मृण्मयी हिला. त्याची किल्ली माझे बंधू हरीश यांनी अकरा वर्षे "देतो, देतो" म्हणत ठेवून घेतली आहे. ती मागून घ्यावी आणि चहा न पिता परत यावे.

३. माझ्या एकोणीस वह्या पोल्डर ओटर्स या आइस हॉकी क्लबला. १९८५ ते २००४ मी त्या संघाचा गुणलेखक होतो. गोल केला की एक गुण, गोलासाठी पास दिला की एक. रेफरीला पास दिसला नाही, तर मी सांगेन तेच कागदावर जाई. दोनशे गुण झाले की खेळाडूचे नाव रिंकच्या दाराशी लाकडी फळीवर कोरतात. आजवर सातच नावे आहेत. पहिले मिलानचे, मधून चढाई करणारा चेक खेळाडू, त्याच्यासारखा दुसरा झाला नाही. गोलकीपर हांकचे नाव नाही, कारण गोलकीपरला गुण कुठून मिळणार? बिचारा प्रत्येक सामन्याआधी ओकायचा आणि मग तासभर कोणाला दाद द्यायचा नाही. त्याचे पान क्लबने जरूर वाचावे.

४. बचावपटू योरिस याचे गुण एकशे नव्व्याण्णव नसून दोनशे आहेत. १९९७ च्या दिवाळीत शैलाने केलेले डिंकाचे लाडू मी ड्रेसिंग रूममध्ये नेले. योरिसने एक जमिनीवर ठेवला आणि खेळातल्या चकतीसारखा, म्हणजे पकसारखा, स्टिकने फटकावला. "शिरीष, पक झकास आहे!" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन शैलाला सांगितले, सगळ्यांनी आवडीने खाल्ले.

तीन आठवड्यांनी योरिसच्या पासवर मिलानने गोल केला. रेफरीची पाठ होती. मी पास दुसऱ्याच्या नावावर लिहिला. मनात म्हटले, बरी जिरली! त्याच हंगामात योरिसचा गुडघा गेला आणि खेळ संपला. त्याने तक्रार केली, तर क्लब म्हणाला, वहीत नाही. मला कोणी एक प्रश्न विचारला नाही. भारतीय माणूस, त्यात कॉम्प्युटरवाला, आकड्यात चुकेल कसा? मीही वही दुरुस्त केली नाही.

आज तो बस चालवतो, आमच्याच गल्लीत राहतो आणि सुट्टीच्या दिवशी, दर मंगळवारी, मला डायलिसिसला नेतो. शैलाचे लाडू मागून घेतो. मला मान वर करवत नाही.

माझ्या मागे मृण्मयीने हे कलम क्लबला वाचून दाखवावे व त्याचे नाव कोरून घ्यावे.

५. वरील शेवटचे वाक्य रद्द. आपण हार घालून फोटोत बसायचे आणि माफी पोरीने मागायची! भेकडपणाला काही सीमा? येत्या मंगळवारी मीच सांगेन.

६. मंगळवारी सांगितले. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये कलम चार डचमध्ये वाचून दाखवले. योरिसने गाडी बंद केली. लाडवाचे त्याला आठवतही नव्हते. तो म्हणाला, "मी वडिलांना सांगत होतो, माझे दोनशे झालेत. ते म्हणाले, खोटं बोलू नकोस, तो भारतीय गृहस्थ चुकायचा नाही. मरेपर्यंत त्यांनी मला खोटारडाच मानलं."

मग उतरला, मला हात देऊन दारापर्यंत नेले. क्लबला मी पत्र टाकले आहे, फळीवर नाव येईल. त्याच्या वडिलांना मी कुठे गाठू?

या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून त्याची सही मागितली होती. तो म्हणाला, "तुझ्या कागदावर माझं नाव नको."

म्हणून साक्षीदार इतर.

सही: शिरीष द. गोगटे
साक्षीदार: अरुण सबनीस, सुनेत्रा सबनीस, दोघेही राहणार बुइटनव्हेल्डर्ट
हूफडॉर्प, १४ नोव्हेंबर २००६