मोकळे सोडलेले आसन

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया, शके १८३४. नेकनूरनजीक.

नगराहून निघालेली माझी बैलगाडी आज दुपारी मळ्यात पोहोचली. हद्दीवर निजामाच्या करोडगिरीच्या शिपायाने पुस्तकांची पेटी उघडविली, आणि आत व्याकरणावाचून दुसरे काही नाही हे पाहून त्याची फार निराशा झाली. धाकटी बहीण सरस्वती पाय धुवावयास पाणी घेऊन दारातच उभी होती. यजमान निवर्तल्यापासून ही शेती ती एकटी पाहते. गूळपाणी हाती देण्यापूर्वीच तिने बजावले, की अण्णा, आता इथंच ऱ्हायचं. घर माळवदाचे, ऐसपैस. भोवती ज्वारी कमरेस लागलेली. गोठ्यालगत आश्रुबा नावाचा सालगडी आणि त्याची बायको केसरबाई राहतात. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्ये शुद्ध केली. आता स्वतःचे चित्त शुद्ध करावयाचे. उद्यापासून नित्य ध्यान.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी.

ध्यानाचा खरा शत्रू चंचलता नसून टाळाटाळ होय. म्हणून मी नियम घालून घेतला आहे: वेळ न्याहारीपूर्वीची, जागा ओसरीच्या पूर्वेकडील कोपऱ्याची, आणि घोंगडीचे आसन तेथे कायमचे पसरलेले, म्हणजे आसन घालण्याचा आळस ही सबब उरत नाही. प्रथम गुडघ्यांनी तक्रार केली, मग जुने विद्यार्थी आठवले, आणि त्यांच्या चुकांवर मी मिटल्या डोळ्यांनी संतापलो. अंगण झाडता झाडता केसरबाई सरस्वतीस विचारीत होती, की मास्तर अंडी उबवतेत का काय. मी हसू दाबले.

आश्रुबास मात्र हे आवडले नाही. उठताना आसनाखाली पाण्याचा थेंब सोडावा, तो कपाळी लावावा आणि आसन गुंडाळून ठेवावे, असा इकडचा परिपाठ आहे. तो म्हणाला, "मोकळं ठिवू नगा, मास्तर. तुमी बसून बसून जागा तापवता, मंग तितं दुसरंच कोणतरी बसतंय." 'नगा' नव्हे 'नका', एवढे मी त्यास सांगितले आणि आसन तसेच राहू दिले.

मार्गशीर्ष शुद्ध एकादशी.

सवय जडली. मांडी घालताच श्वास आपोआप मंदावतो आणि मन विहिरीच्या तळासारखे निवांत होते. आज बसताना घोंगडी उबदार लागली; मांजर नुकतेच उठून गेले असावे. ध्यानातून उठलो तेव्हा मात्र दोन्ही दंड मोट ओढल्यासारखे भरून आले होते. न्याहारीच्या वेळी केसरबाईचा आक्रोश ऐकू आला. तिच्या खुराड्यात एकही कोंबडी जिवंत नव्हती. मुंगुसाचे काम म्हणावे, तर मुंगूस रक्त पिऊन जाते. येथे प्रत्येकीची मान पिळून, देठासारखी तोडून, ओळीने मांडून ठेवलेली होती.

नखांत काही रुतले आहे. पीस असावे. कोठून आले, कळत नाही.

मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा.

आजचे ध्यान सर्वांत गाढ. ते संपले तेव्हा धोतर गुडघ्यांपर्यंत ओले होते. दव समजून खाली पाहिले. दव नव्हते.

गोठ्यात वासरू पडले होते. गळ्यापासून पोटापर्यंत उघडलेले. गाय दावे तोडण्यासाठी हिसके देत होती आणि मला पाहताच ती भिंतीत शिरू पाहू लागली.

मी ओसरीवरून हललो नाही, असे सरस्वतीस सांगितले. ती म्हणाली, की तुमचं आसन मोकळंच होतं, अण्णा. तुमी विळा घेऊन आंगणातून चालला होतात. मी हाक मारली. तुमी वळून बघितलंत अन् हसलात. तुमी असं कधी हसत न्हाई.

मार्गशीर्ष वद्य द्वितीया.

आश्रुबाने घोंगडी जाळली. मी अडविले नाही. आता सुटलो, असे म्हणालो. त्याने मान हलविली: "लई उशीर झाला, मास्तर. ते आता घोंगडीवर न्हाई. तुमच्यात बसलंय."

पुन्हा कधीही ध्यानास बसणार नाही.

मार्गशीर्ष वद्य तृतीया.

बसलो नाही. शपथेवर लिहितो, बसलो नाही. विहिरीवर उभा राहून चूळ भरीत होतो. नेहमीची वेळ झाली आणि श्वास मंदावला — आपोआप — मी लावलेल्या सवयीप्रमाणे. फार गोड वाटले.

डोक्यावर दांडका बसला, तेव्हा डोळे उघडले. स्वयंपाकघराचे दार. माझ्या हातात कुऱ्हाड. आश्रुबा एका हाताने माझ्या कमरेस मिठी मारून होता. दुसरा हात खांद्यापासून कातड्यावर लोंबत होता. आणि तो ओरडत होता, "बाईसाब, कडी लावा, कडी लावा!"

दांडका केसरबाईचा होता. तिने वेळीच मारला नसता तर — आत सरस्वती होती. मी तिच्याकडेच निघालो होतो.

दवाखान्यास नेताना आश्रुबा गाडीतच गेला. शीवही ओलांडली नाही. केसरबाई माझ्या तोंडावर थुंकली. थेरड्या, जळो तुजं ध्यान, म्हणाली. मी मान खाली घातली.

मार्गशीर्ष वद्य चतुर्थी. पहाट.

केसरबाई पोलीस ठाण्यावरून अमीनास आणावयास गेली आहे. सरस्वतीस म्हणालो, पाटोद्यास दिरांकडे जा. पाया पडलो. ती म्हणते, भाऊ टाकून कुठं जाऊ? कावून असं बोलता?

मग मला खांबास बांध, म्हणालो. तिने मोटेच्या नाड्याने बांधले. उजवा हात मोकळा, लिहिण्यापुरता. लिहीत असलो म्हणजे श्वास माझा राहतो. तिला स्वयंपाकघरात कोंडून घ्यावयास सांगितले. मी हाक मारली तरी दार उघडू नकोस. रडलो तरी नको.

उजाडले. वेळ होत आली.

श्वास मंद — नाही. लिही. लिहीत राहा. वाक्य पूर्ण कर. कर्ता, कर्म —

कोणी हाक मारली. सरू, म्हणून. लहानपणी मी तिला सरू म्हणत असे. पाणी दे गं सरू, नाडा रुततो — आवाज माझा. तोंड माझे. मी बोलत नाही. हात तेवढा माझा आहे.

कडी वाजली.

येऊ नको. ओरडता येत नाही — तोंड हसते आहे. ती पाण्याचा तांब्या घेऊन — पळ सरस्वती पळ — मोठ्या अक्षरांत लिहून दाखविले — तिला अक्षर येत नाही —

गाठ सोडते आहे. रडते आहे. दमलात अण्णा म्हणते. टाक ठेवा आता म्हणते. माझा हात धरून — सोडवू नको, हा एकच हात मा