काटेसावरीखालचा ढीग

४ नोव्हेंबर
बुलेन काहीतरी लपवतोय! आज पुन्हा पहाटेच घराबाहेर, आणि परतला तो गुडघ्यापर्यंत चिखलात. विचारलं तर म्हणे, "मासे धरायला गेलो होतो, बाइदेउ." कुठायत मासे? "मिळाले नाहीत." ब्रह्मपुत्रेचा पूर ओसरलाय, डबक्याडबक्यात मासे उड्या मारतायत — आणि याला मिळाले नाहीत! थोरल्या बहिणीला शेंड्या लावतोय.

वास माशांचा नव्हताच. जंगलरक्षक आहे मी. गेंड्याचं शेण नाक दाबूनही ओळखते.

५ नोव्हेंबर
मोबाइल उपडा ठेवतो हल्ली. का?

७ नोव्हेंबर
आज मागोमाग गेले. तळ्याच्या कडेकडेनं थेट जंगलाच्या हद्दीत शिरला, आणि काटेसावरीपाशी गवतात दिसेनासा झाला. त्या झाडाखाली कानफाटीचा, फाटक्या कानाच्या त्या गेंडा-मादीचा, शेणाचा ढीग आहे!

गेंडा त्याच त्या ढिगावर शेण टाकायला येतो. चोरट्या शिकाऱ्याला ढीग कळला की झालं, बंदूक घेऊन बसून राहायचं. म्हणून आम्ही रक्षक ढिगाची जागा तोंडानं उच्चारत नाही. आपसातसुद्धा नाही. ज्याची गस्त, त्यालाच ठाऊक.

यंदा कानफाटीच्या पायाशी पिल्लू आहे. माझा सख्खा भाऊ तिच्या जिवावर उठलाय का?

८ नोव्हेंबर
राहवलं नाही. चौकीप्रमुख पुलिनदांना सांगून टाकलं. तामूल चघळत सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग, "कुठला ढीग?" मी अडखळले. "अगं, जागा न सांगता त्याला धरू कुठे? आभाळात?" सांगितली. "भाऊ म्हणून गय करू नकोस, निरू." किती हलकं वाटलं!

१० नोव्हेंबर
सापडला! मीच मनगट धरलं. हातात फावडं.

"ढीग मोडतोय, बाइदेउ. विस्कटला की कोणाला दिसत नाही. एका अनोळखी माणसानं मला जागा विचारली — तू म्हशी चारतोस, तुला माहीत असणार म्हणाला. फोनही करत राहतो. तेव्हापासून रोज येतोय."

"मग मला का नाही बोललास?"

"हद्दीत पाऊल टाकलं म्हणून तूच आत टाकलं असतंस!"

पुलिनदा हसले. "फावड्यानं गेंडे वाचवतोय म्हणे!" मलाही ती थापच वाटली. वाटतेय. कोठडीत नेताना त्यानं वळून पाहिलं, मी पाहिलं नाही. आज चूल पेटवली नाही.

१३ नोव्हेंबर
कानफाटी गेली. काटेसावरीखालीच. शिंग मुळातून कापलेलं. पिल्लू तिच्या पोटाला ढुसण्या देतंय.

बुलेन तर कोठडीत आहे! आणि ती जागा मी जन्मात एकाच माणसाला सांगितली. सकाळी तो माझ्या शेजारी उभा राहून डोळे पुसत होता.