मिसेस लुंडग्रेनच्या अंगणातली पानं

२६ सप्टेंबर, मंगळवार

विद्यापीठाच्या सेवासंघात घेतलं मला! म्हणजे अजून उमेदवार म्हणूनच. महिनाभर सेवा, मग मतदान, मग मी भाऊ. हो, भाऊच. या सेवासंघात मुलीही भाऊ. टॅम्सिन — जांभळी लिपस्टिक, हे मोठे डूल — गंभीरपणे म्हणाली, "आजपासून मी तुझा मोठा भाऊ." मी हसले. ती हसली नाही.

बिल्ला कायम छातीवर हवा. पायजम्यावरसुद्धा! लावला. गेलं वर्षभर मेसमध्ये एकटी जेवले, आता बास.

१ ऑक्टोबर, रविवार

विद्यापीठामागच्या गल्लीत मिसेस लुंडग्रेन राहतात. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. आम्ही उमेदवारांनी त्यांच्या अंगणातली पानं गोळा केली. काम अर्धा तास. मग लिंबाच्या वड्या, आणि निळ्या लोकरीचं विणकाम करत त्यांनी सांगितलेल्या नवऱ्याच्या मासेमारीच्या गोष्टी. त्या काही संपेनात. मासाही दर गोष्टीत वाढत होता.

८ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा तितकीच पानं. मेपलची. आणि अंगणात झाडच नाही! एक बुंधा आहे, त्यावर कुंडी. शेजारच्या अंगणात आहे ते ख्रिसमसचं झाड, त्याला कसली आलीत पानं? टॅम्सिनला विचारलं. "वारा," म्हणाली. गावभरचा वारा नेमका याच अंगणात उतरतो वाटतं. मी इंजिनिअरिंगला आहे, मला काय सांगते?

१२ ऑक्टोबर

आमचा अध्यक्ष डेस्मंड म्हणतो, मतदानात एकच बघतात — समोरच्याची गरज कळली का. मला कळली आहे. जाळी!

१४ ऑक्टोबर, शनिवार

व्यायामशाळेतल्या जुन्या व्हॉलीबॉलच्या जाळ्या मागून आणल्या आणि कुंपणाला सगळीकडून बांधल्या. आता एक पान आत येईल तर शपथ. मिसेस लुंडग्रेन खिडकीतून बघत होत्या. मी म्हटलं, "आता तुमच्यामागची आमची कटकट संपली."

"छान बांधलीस हो," त्या म्हणाल्या.

वड्या मात्र दिल्या नाहीत. विसरल्या असतील.

१५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी माझी जाळी बघायला गेले. मिसेस लुंडग्रेन चर्चला गेलेल्या. गल्लीत टॅम्सिन आणि डेस्मंड उभे. शेजारी पानांनी भरलेली पोती! दफनभूमीतून आणलेली!

टॅम्सिनने सांगितलं, तीन वर्षांपूर्वी वादळात मिसेस लुंडग्रेनचा मेपल पडला. लाकडं उचलायला, एरवी त्याची पानं गोळा करणारी संघाचीच मुलं गेली होती. तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे आता तुम्ही यायचे नाहीत?" तेव्हापासून दर पानगळीत, रविवारी त्या चर्चला गेल्या की भाऊ पानं पसरतात आणि दुपारी उमेदवार गोळा करतात.

मी म्हटलं, "मग नुसतं भेटायला जा ना!"

"गेलो होतो," टॅम्सिन म्हणाली. "दारातूनच परत पाठवलं. मुलांचा वेळ फुकट घालवायला आवडत नाही त्यांना. काम असेल तरच या म्हणाल्या. आता या जाळीतून वारा कसा आत आणायचा ते तूच सांग, इंजिनिअरबाई."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा! तिथेच रडू आलं, लाज वाटली. मग कात्री आणली आणि सगळ्या जाळ्या कापल्या. डेस्मंडने पोती ओतली.

दुपारी मिसेस लुंडग्रेननी विचारलं, "जाळी काय झाली गं?" मी म्हटलं, "वाऱ्याने फाटली." त्यांनी वड्या आणल्या. मी मासा निमूटपणे वाढू दिला.

२९ ऑक्टोबर, रविवार

भाऊ झाले! सगळ्यांनी हात वर केले. टॅम्सिनने मिठी मारली, डूल माझ्या केसांत अडकला. सोडवायला तीन भाऊ लागले.

४ नोव्हेंबर, शनिवार

उद्या पानं आणायची पाळी माझी. आणि दफनभूमी नगरपालिकेने झाडून स्वच्छ केली! सगळं गाव हिंडले. जेमतेम अर्धं पोतं जमलं. एवढ्याशा कामासाठी त्या आम्हाला आत घेतील का?

५ नोव्हेंबर, रविवार

त्या चर्चला गेल्यावर गेले. फाटक उघडं होतं. आत बुंध्याला टेकवून पानांची दोन गच्च पोती ठेवलेली. तोंडं निळ्या लोकरीने बांधलेली.

सोडली. ओतली. दुपारी सगळे गेलो तर त्या दारात उभ्या.

"बाई बाई, किती ही पानं," म्हणाल्या. "या, या."