यंत्र ओरडलंच नाही

सोमवार, ६ एप्रिल

सगळे गेले. एकशे बारा मासे! सकाळी शटर वर केलं तर बुडबुडे मस्त चाललेले आणि मासे उताणे. काल दुपारी बाराला गेलेली लाइट आज पहाटे आली म्हणे. टाक्यांचे हवेचे पंप इन्व्हर्टरवर चालतात. तो पाच तास पुरतो. पुढे कोण हवा देणार, माझा काका?

लाइट गेली की इन्व्हर्टरचं यंत्र पी-पी करतं आणि बॅटरी संपत आली की नुसती बोंब मारतं. रविवारी दुकान बंद असतं, पण शेजारचा सलूनवाला असतो. बोंब ऐकली की त्याने मला फोन करायचा, मी यंत्र बसवणाऱ्या मिस्त्रीला, आणि मिस्त्रीने जादा बॅटरी आणायची. हे ठरलेलं आहे. सलूनवाला म्हणतो, "दिवसभर इथंच होतो काकू. जरासुद्धा आवाज नाही. मला वाटलं, चाललंय सगळं व्यवस्थित."

मिस्त्रीने यंत्र उघडून पाहिलं. "यात काही बिघाड दिसत नाही ताई. ओरडायलाच हवं होतं."

ओरडायलाच हवं होतं! मीच ओरडले मग. भर रस्त्यात. तुझ्या यंत्राने माझे मासे मारले म्हणाले. चार लोक जमले. जमू देत.

मंगळवार, ७ एप्रिल

दादा आला. गाळा त्याच्या नावावर, त्यामुळे पाय पसरून बसतो. "अगं, पुरे झालं आता. चपलांचं दुकान टाकणारा एक जण मागे लागलाय. महिनाअखेरपर्यंत थांबतो. पुन्हा एक जरी टाकी मेली, तर कुलूप."

उंटावरून शेळ्या हाकतो नुसता! सतरा वर्षं मी या टाक्या घासल्यात. एंजल कुठला आणि गप्पी कुठली ते त्याला आजही कळत नाही. म्हटलं, घोडामैदान जवळच आहे.

शुक्रवार, १० एप्रिल

चाळीस मासे आणले. पुन्हा श्रीगणेशा.

मिस्त्रीने न सांगता यंत्रातलं बोर्ड बदलून दिलं. पैसे घेतले नाहीत. मी चहाचंही विचारलं नाही. औषधवाल्याने आणि बेकरीवालीने आपापल्या इन्व्हर्टरचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. त्यांना कोणी सांगितलं? मीच.

शनिवार, ११ एप्रिल

आवाज बंद करायच्या बटणावर चिकटपट्टी लावली. तीन थर.

बुधवार, १५ एप्रिल

आता रोज एकदा मीच लाइट घालवते. वेळ ठरलेली नाही, मनात आलं की मेन स्विच खाली! यंत्र पी-पी करायला लागलं की एकेका टाकीला डोळा लावून बुडबुडे बघायचे, मग स्विच वर. आज दादा नेमका तेव्हाच आला. "हात दाखवून अवलक्षण कशाला? असलेली लाइट कोणी घालवतं का?"

मी घालवते!

सोमवार, २० एप्रिल

एका बाईला गोल्डफिश दाखवत होते, तेवढ्यात आठवलं आणि स्विच खाली केला. "लाइट गेली वाटतं?" म्हणाली. "नाही, मीच घालवली." दोन पावलं मागे सरकली, पण मासे घेतले. तीन!

मंगळवार, २८ एप्रिल

आज खरी गेली. सकाळी दहाला. अख्खा रस्ता गप्प. बेकरीवालीचा फ्रीज बंद, औषधवाला दारात वारा घेत उभा. माझ्या टाक्या मात्र बुडबुडतायत! पंखा नाही, दिवा नाही, सगळा जोर पंपांवर. दहा वेळा जाऊन यंत्रावर हात ठेवून आले.

पावणेतीनला यंत्राने बोंब मारली. फोन हातात घेतला आणि तसाच धरून बसले. त्याला कुठल्या तोंडाने बोलावू? तर तोच दारात! स्कूटरवर पुढे बॅटरी ठेवलेली. "पाच तास होत आले ना ताई. म्हटलं, निघावं." जुनी काढून नवी जोडेपर्यंत पंप बंद. तेवढा वेळ मी आणि सलूनवाला मग्याने पाणी उचलून वरून टाक्यांत ओतत होतो. तसंही हवा मिळते पाण्याला. सलूनवाला नखशिखांत भिजला. म्हणे, आजवर गिऱ्हाइकांची डोकी भिजवली, आज माझं भिजलं!

साडेसहाला लाइट आली. चाळीसातले तीन विकलेले, उरलेले सदतीसच्या सदतीस पोहत होते.

दादा आला, टाक्यांपुढून दोनदा फिरला. मग म्हणाला, "जिंकलीस. चपलांना नाही सांगतो. गाळाच तुझ्या नावावर करून टाकू, शुक्रवारी सही." मला रडूच आलं. आणि मग मिस्त्रीकडे वळून म्हणाला, "मागच्या खेपेला असंच लक्ष दिलं असतंस तर?"

मिस्त्री हात पुसत होता. "हो साहेब. माझंच काहीतरी चुकलं असेल."

मी काच पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

गुरुवार, ३० एप्रिल

त्या रविवारी बाराला मी दुकानात होते. मासे खायला घालायला गेले होते. लेकीचा फोन चालू होता आणि लाइट गेली. कानाशी पी-पी, पी-पी. मीच बटण दाबून आवाज बंद केला. वाटलं, येईल दहा मिनिटांत. बोलत बोलत शटर ओढलं आणि घरी गेले. आवाज पुन्हा चालू करायचा राहिला. राहिला म्हणजे विसरले! लाइट आली की ते बटण आपोआप सुटतं, म्हणून मिस्त्रीला काही सापडलं नाही. हे मी इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.

दादाला आत्ता फोन करून सांगितलं. सहीच्या आधी. म्हटलं, कुलूप लावायचं तर लाव.

मिस्त्रीला फोनवर नाही सांगणार. भर रस्त्यात बोलले होते. सकाळी भर रस्त्यातच सांगणार.