रुमालातला गोफ

॥ श्री ॥

जवाहरनगर
१७ नोव्हेंबर २०२४

ती. आनंदाताईस,
गोपीचंदचा सा. न. वि. वि.

फोनवर तुझं अर्धं बोलणं मला समजत नाही आणि कानात यंत्र घातलं की शिट्टी वाजते. म्हणून आपलं पत्रच बरं. इकडे सगळे ठीक आहेत. प्रफुल्लची फॅक्टरीतली शिफ्ट बदलली, त्यामुळे तो दिवसा घोरतो. सूनबाई आणि नात गुड्डी मजेत. सूनबाईचा भाऊ निकेश पोलीस भरतीत निवडला गेला. त्याच्या कागदपत्रांचं काम भंडाऱ्याला आहे, त्यासाठी तो चार दिवस आपल्याकडे राहायला येणार आहे.

ताई, एक गोष्ट जिवाला लागली आहे, म्हणून लिहितो. आपला जिल्हा किती शांत होता! माझी शकुन होती तोवर आम्ही क्वार्टरला नुसती कडी घालून तुझ्याकडे अड्याळला यायचो. आता पेपर उघडला की चोरी, लुटालूट, चाकू. मागच्या लाइनीतल्या एका बाईचं मंगळसूत्र भरदिवसा ओढून नेलं. मी दाराला दुसरं कुलूप बसवलं आणि सूनबाईला सांगितलं की खिडकीतून नाव विचारल्याशिवाय कोणाला दार उघडायचं नाही. ती हसते. प्रफुल्ल म्हणतो, बाबा, पेपर बंद करू का? घरात माझं कोणी मनावर घेत नाही.

पण आज सकाळीच माझं खरं ठरलं. फिरायला गेलो तर रस्त्यात साध्या कपड्यातले दोन पोलीस भेटले. कार्ड दाखवलं. मला ऐकू येत नाही हे पाहून त्यातला एक अगदी कानाशी आला आणि सावकाश समजावून सांगितलं की काका, पुढे आत्ताच एका म्हाताऱ्याला चाकू दाखवून लुटलंय, दिवस वाईट आहेत, अंगावर सोनं कशाला घालता? शकुननं हौसेनं करून घेतलेला गोफ आणि अंगठी मी काढली. त्यांनी आपल्या हातानं कागदात गुंडाळली, माझ्याच रुमालात बांधली आणि खिशात ठेवून दिली. रस्त्यावर उघडू नका, घरी जाऊन कुलपात ठेवा, असं बजावलं. मी तसंच केलं. कपाटाची किल्ली करदोट्याला बांधली आहे.

तूही सावध राहा. मागचं दार उघडं टाकू नकोस. ती शेजारची बेबीबाई सरळ तुझ्या चुलीपर्यंत येते, ते मला पूर्वीपासून पटत नाही. भाऊजींना नमस्कार सांग, आणि या धाकट्यावर रागावू नकोस.

तुझा,
गोपीचंद

---

अड्याळ
२५ नोव्हेंबर २०२४

चि. गोपीचंदास आनंदाताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्या भाऊजीले वाचून दाखवलं. ते म्हणाले, गोपीचंदले बंदूक देऊन फॅक्टरीच्या गेटावर उभं करा, सरकारचा पगार वाचंल. तू रागावू नको. ते हसले, पण मंग उठून बैलाच्या कोठ्याची साखळी लावून आले, हे मी पाहिलं.

इकडंबी काही बरं नाही रे. धान कापून झाला, पेंढ्यांचे पुंजणे शेतातल्या बांधीतच रचून आहेत, अन् आमच्या पुतण्याच्या, भुपेंद्रच्या, विहिरीवरचा मोटारीचा केबल कोणीतरी कापून नेला. तवापासून गावात जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं पायते. चौकात कॅमेरा लावाचा म्हणून ग्रामसभेत भांडण झालं. पाटल्या-गोठ विकणारी बाई आली तर पोट्टे तिचा फोटोच काढाले लागले.

तुझ्या पायी मी एक मूर्खपणा केला. मागच्या दाराले कडी लावली. बेबीबाई वालाच्या शेंगाची भाजी घेऊन आली, ढकलून पाहिलं, हाक मारली. मी आतच उभी होती. काहून नाही उघडलं, मले अजूनबी समजलं नाही. वाटी पायरीवर ठेवून ती चालली गेली. आता नळावर भेटली तरी तोंड फिरवते. चाळीस वर्सांत असं झालं नव्हतं. मी मंग कडी काढून टाकली.

निकेश आला का? पोट्टा गुणाचा आहे, त्याले पोटभर जेवू घाल. सुनेले किरकिर करू नको. शकुन गेल्यापासून तुझ्या घरात तिच्याच हातचं सारं चालू आहे, हे ध्यानात ठेव. थंडी वाढून राहिली, कान बांधत जा.

तुझंच भलं चिंतणारी,
ताई

---

जवाहरनगर
८ डिसेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र भाऊजींशिवाय कोणाला दाखवू नकोस.

काल लग्नाला जायचं म्हणून कपाट उघडलं. रुमाल होता, गाठ होती. सोडली तर कागदात दोन गिट्ट्या, रस्त्याच्या खडीचे दगड. गोफ नाही, अंगठी नाही.

ताई, मी शांतपणे विचार केला आहे. रुमाल मी आणला तेव्हापासून कपाटाला कुलूप. किल्ली फक्त आंघोळीच्या वेळी खुंटीवर असते. या दिवसांत बाहेरचं माणूस घरात आलं ते एकच, निकेश. चार दिवस राहिला. सकाळी पळायचा सराव करून यायचा, तेव्हाच माझी आंघोळीची वेळ. जाताना पाया पडला तेव्हा माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही, हे मला आता आठवून राहिलं. ज्यानं काढलं त्यानं वजन कमी झालेलं कळू नये म्हणून आत गिट्ट्या घातल्या. हे अनाडी चोराचं काम नाही.

मी सूनबाईसमोरच बोललो. नंतर मी निकेशला फोन लावला आणि माझं म्हणणं सांगून टाकलं. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. आज सकाळी सूनबाई गुड्डीला घेऊन नाकाडोंगरीला माहेरी गेली. प्रफुल्ल माझ्याशी बोलत नाही. मी अर्ज लिहून ठेवला आहे. दत्तजयंती होऊ दे, मग सोमवारी ठाण्यात देतो. घरातलं माणूस म्हणून सोडलं तर उद्या वर्दी घालून हाच लोकांना लुटेल.

तू तरी मला वेडा म्हणू नकोस. शकुनची तेवढीच वस्तू होती गं.

तुझा,
गोपीचंद

---

नाकाडोंगरी
१० डिसेंबर २०२४

ती. आत्याबाईंना,
कामिनीचा शि. सा. न.

फोनवर बोलले असते तर नुसती रडले असते, म्हणून लिहिते. बाबांनी तुम्हाला कळवलंच असेल. मी माझ्या भावाची बाजू मांडायला हे लिहीत नाही. तो कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे, लग्नात तुम्हीच त्याला मांडीवर घेऊन जेवला होतात.

फक्त एवढंच सांगते. निकेशची चारित्र्य पडताळणी बाकी आहे. त्याच्या नावानं ठाण्यात एक कागद गेला, तर खरं-खोटं ठरायच्या आधीच त्याची नोकरी जाईल. तीन वर्षं तो या जंगलाच्या रस्त्यानं पळाला आहे. काल माझ्या आईनं, केशरबाईंनी, त्याची पेटी उघडून पाहिली. काही सापडावं म्हणून नाही. बाबांना ठामपणे सांगता यावं म्हणून. पण निकेशनं ते पाहिलं आणि जेवणावरून उठला.

आत्याबाई, सगळ्यात वाईट हे की रात्री माझ्याही मनात आलं, त्याला पळायच्या नव्या बुटांना पैसे कुठून मिळाले? सख्ख्या भावाबद्दल. हा किडा बाबांनी सोडला आणि तो माझ्याही डोक्यात शिरला.

ते माझं ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील तर सोमवारच्या आत त्यांना थांबवा. आतोबांना नमस्कार. मला परकी समजू नका.

तुमची,
कामिनी

---

अड्याळ
१५ डिसेंबर २०२४

चि. गोपीचंदास अ. उ. आ.

हे पत्र भुपेंद्रच्या हातानं धाडून राहिली. तो समोर उभा असंल तेवढ्यात वाच.

काल बाजाराले निघाली. कामिनीच्या पत्रानं मन ठिकाणावर नव्हतं, म्हणून आधी बेबीबाईच्या घरी गेली, तिची वाटी परत केली अन् चाल म्हटलं. ती आली. मोठ्या रस्त्याले लागलो तर मोटारसायकलीवर दोघं जण आडवे आले. कार्ड दाखवलं. म्हणे, आजी, आम्ही पोलीस आहोत, पुढं एका बाईचा गळा कापून दागिने नेले, दिवस वाईट आहेत, अंगावरचं काढून कागदात बांधा. खरं सांगते, मले पटलं. मी गळ्यातली पोत काढालेबी लागली. तो पोट्टा कागद पुढं करूनच उभा होता.

बेबीबाई मातर त्याच्याकडं पाहत होती. तिनं इचारलं, बाबू, कोणत्या गावचा रे तू? त्यानं लाखनी सांगितलं. तिचं माहेर लाखनीचं. झालं! कोणाच्या घरचा, तळ्याच्या अंगाचा का बाजाराच्या, मायचं नाव काय, माह्या चुलतभावाले ओळखते काय. तिले संशय नव्हता रे, तिले माहेरचा माणूस भेटल्याचा आनंद झाला होता. चहाले चाल म्हणत होती. तो त-त प-प कराले लागला, एकदा बापाचं नाव एक सांगितलं, मंग दुसरं. मागचा खेकसला, अन् गाडी फिरवून दोघंबी पळाले.

आम्ही हसत हसत चाललो. बाजाराच्या तोंडाशी आली अन् माहे पाय जागीच थांबले. मले तुझं पहिलं पत्र आठवलं. गोपीचंद, तोच कागद, तेच बोलणं. कागद तूच बांधला काय? नाही. तू लिहिलं, त्यांनी आपल्या हातानं बांधला. तुह्या घरी कुलपात गोफ आलाच नाही रे. गिट्ट्याच आल्या. तू तीन आठवडे गिट्ट्याले कुलूप लावून किल्ली कमरेले बांधून फिरला.

भुपेंद्रनं मले ठाण्यात नेलं. तिथल्या साहेबांनी सांगितलं, पोलीस कधी कोणाले दागिने काढाले सांगत नाही, अन् आसपासच्या चार गावांत हेच झालं आहे.

तू म्हातारा आहेस, फसला, त्याची लाज नको बाळगू. मीबी फसत होती. पण त्या पोराच्या नावाचा अर्ज आत्ताच भुपेंद्रसमोर फाड. अन् फोन करू नको, तुले ऐकू येत नाही अन् त्याईले तुझं ऐकावंसं वाटणार नाही. एसटीत बस अन् नाकाडोंगरीले जा.

रागावलेली, पण तुझीच,
ताई

---

जवाहरनगर
२९ डिसेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

अर्ज फाडला. भुपेंद्रनं सांगितलंच असेल. दुसऱ्या दिवशी तुमसरवरून नाकाडोंगरीला गेलो. केशरबाईंनी पाणी दिलं, चटई टाकली, आणि मी अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं की चोरी रस्त्यात झाली, मी माझ्या हातानं दिलं, आणि दोष या पोरावर टाकला. सूनबाई आतच होती. पण ऐकत होती, तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या.

निकेशच मला घेऊन ठाण्यात आला. तक्रार त्यानंच लिहून दिली. त्या माणसांचं वर्णन विचारलं तेव्हा मला चेहरे सांगता येईनात. फक्त एकाचा आवाज आठवत होता. ताई, तुला म्हणून सांगतो. वर्षभर मी घरात जे बडबडत होतो, ते कोणी ऐकत नव्हतं. त्या माणसानं माझ्या कानाशी येऊन तेच म्हटलं. मला इतकं बरं वाटलं, की त्यानं मागितलं असतं तर घराची किल्लीही दिली असती. गोफ मिळेल असं ठाण्यात कोणालाच वाटत नाही, आणि मीही आशा सोडली.

निकेशची पडताळणी झाली. काल तोच सूनबाईला आणि गुड्डीला सोडायला आला. सूनबाईनं घरात पाय ठेवला आणि सरळ स्वयंपाकाला लागली. माझ्याशी कामापुरतं बोलते. माझं ताट मात्र पूर्वीसारखंच पहिलं वाढलं. प्रफुल्लनं मला आणि निकेशला शेजारी बसवून जेवू घातलं. मला वाटलं, मिटलं.

निघताना निकेश व्हरांड्यात आला. पाया पडला. मग त्यानं आपली बॅग माझ्या खुर्चीसमोर ठेवली आणि स्वतःच चेन उघडली. एकेक वस्तू काढून दाखवली. सदरा, टॉवेल, पळायचे बूट, सूनबाईनं बांधून दिलेला डबा, तोही उघडून. रागानं नाही गं, अगदी शांतपणे. मी म्हटलं, अरे, काय करतोस, माझा विश्वास आहे तुझ्यावर. तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला की असू द्या काका, मी गेल्यावर तुम्हाला झोप तर लागेल.

मी त्याला थांबवायला हवं होतं. हात धरून बॅग बंद करायला हवी होती. पण ताई, सूनबाई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेवरून मला कळलं की माझे डोळे कुठे आहेत. मी बॅगेत बघत होतो.

जमलं तर चार दिवस येऊन राहा. येशील तेव्हा बेबीबाईंनाही घेऊन ये. माझ्याकडे पाहून नको, शकुनकडे पाहून मला आपला म्हणत राहा.

तुझा,
गोपीचंद